पेनल्टीचा रिप्ले दाखवला नाही, म्हणजे दाबला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, आता पुण्यात, मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे चाहते. कोलकात्याच्या संघाविरुद्ध तुमच्या विंगरला बॉक्समध्ये पाडलं, रेफरीनं खेळ चालू ठेवला, आणि टीव्हीवर रिप्ले एकदाच आला, तोही लांबून. दहा मिनिटांनी समोरच्या खेळाडूला तसाच धक्का लागला, तर तीन कोनांतून दाखवला. कॉमेंटेटरही पूर्णवेळ त्यांच्याच खेळाडूंची नावं घेत होते. म्हणून तुम्ही विचारलंय, ‘ही वाहिनी देशाची आहे की कोलकात्याची? हे मुद्दाम करतात का? आणि तक्रार कुठं करायची?’

मी २२ वर्षं ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे स्टेडियमबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, काम करतोय. पहिली ९ वर्षं रिप्लेच्या मशिनवर होतो, पुढं डिरेक्टरच्या खुर्चीत बसायला लागलो. मीही कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींचे फुटबॉल सामने बघत मोठा झालो, त्यामुळं हा राग मला बाहेरून समजून घ्यावा लागत नाही. तुमचा राग खोटा नाही, एवढं आधीच सांगतो. पण तुम्ही तीन तक्रारी एकात मिसळल्यात. एक चित्राची, दुसरी आवाजाची, तिसरी वेळापत्रकाची आणि पैशाची. माझ्या अनुभवात चित्र बऱ्याच अंशी निर्दोष असतं, आवाज थोडा दोषी असतो, आणि खरा कल तिसऱ्या ठिकाणी असतो. तिथं कुणी बोटच ठेवत नाही, कारण तो रिप्लेसारखा डोळ्यांत खुपत नाही.

चित्रापासून सुरुवात करतो. व्हॅनमध्ये समोर मॉनिटरची भिंत असते. कॅमेरा वन मध्यरेषेवर उंचावर असतो आणि सामन्यातला बहुतेक वेळ तोच ऑन एअर असतो. त्याच्या शेजारी कॅमेरा टू, खेळाडू जवळून पकडणारा. दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या रेषेत एकेक कॅमेरा, ऑफसाइडसाठी. गोलच्या मागे आणि मैदानाच्या कडेला आणखी काही. मोठ्या सामन्याला समोरच्या स्टँडमधूनही एक लावतात, त्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो. लहान बजेटच्या सामन्याला रिव्हर्स मिळतच नाही. प्रत्येक रिप्लेवाल्याकडं तीन-चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असतं. काही घडलं की तो चाक उलटं फिरवतो, क्षण पकडतो आणि टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आतल्या हेडसेटवर, ओरडतो, ‘माझ्याकडं आहे, क्लिअर आहे!’ दुसरा त्याच वेळी तेच ओरडत असतो. डिरेक्टर दोघांचं ऐकतो, पण त्याची नजर एकाच गोष्टीवर असते: चेंडू खेळात आहे की नाही.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर आम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. फुटबॉलमध्ये शिट्टी वाजली नाही तर खेळ थांबत नाही, आणि चेंडू खेळात असताना रिप्ले लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्या सहा सेकंदांत पलीकडं गोल झाला, तर प्रेक्षकांचा थेट गोल गेला. मग होतं असं की रेफरीनं दिलेला फाउल तीन कोनांतून दिसतो, कारण खेळ थांबलेला असतो. खेळाडू पडलेला असतो, बचावपटूंची भिंत लावायची असते, चांगली ३०-४० सेकंद हातात असतात. रेफरीनं नाकारलेलं अपील मात्र घाईत एकदा दिसतं किंवा दिसतच नाही. तुमच्या विंगरच्या वेळी खेळ चालू राहिला. समोरच्याच्या वेळी शिट्टी वाजली. हा फरक रेफरीच्या निर्णयातून आला. तो निर्णय चुकलाही असेल, पण आमची व्हॅन त्याच्या मागून धावत होती.

म्हणूनच ज्या संघावर अन्याय झाला, त्याच संघाला रिप्लेही कमी मिळतो. चाहत्याला वाटतं रेफरी आणि वाहिनी एकमेकांना मिळालेले आहेत. असं वाटणं अगदी साहजिक आहे.

माझ्या मशिनवर घडलेला एक प्रसंग सांगतो. महाराष्ट्रातल्या एका संघाचा सामना, ७१ वं मिनिट. बॉक्समध्ये आमच्या पोराचा घोटा मागून लागला. गोलच्या मागचा कॅमेरा माझ्याकडं होता, आणि त्यात बुटाचा तळ घोट्यावर आलेला स्वच्छ दिसत होता. मी ओरडलो. तेवढ्यात गोलकीपरनं चेंडू लांब मारला, पलीकडं हल्ला झाला, कॉर्नर मिळाला. कॉर्नरच्या आधी लावू म्हटलं तर बदली खेळाडू आला, त्याचं नाव दाखवणं करारात होतं. कॉर्नरवर गोल झाला. आता गोलाचे रिप्ले, जल्लोष, कोच, आकडे. माझा तो अँगल सामना संपल्यावरच्या कार्यक्रमात लागला. रात्री मामाचा फोन आला. ‘काय रं, आपल्या पोरांची पेनल्टी दाबलीस व्हय?’ मामाला माहीत होतं की मी आत बसलोय. मी त्याच गावचा, अँगल माझ्याच हाताखाली, आणि तरीही तो वेळेत लागला नाही. मामाला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

याचा अर्थ चित्रात कल नसतोच, असं मी म्हणणार नाही. तो असतो, पण रिप्लेपेक्षा जास्त चेहऱ्यांत. खेळ थांबला की कॅमेरामन ओळखीच्या चेहऱ्याकडं वळतो. ज्याचं नाव मोठं, ज्याचा कोच जास्त हातवारे करतो, ज्याचे प्रेक्षक रंगीत दिसतात, तो जास्त वेळा दिसतो. डिरेक्टर म्हणून मी माझ्याच एका सामन्याचं रेकॉर्डिंग बसून मोजलं होतं. पाहुण्या संघाच्या कोचला मी पहिल्या हाफमध्ये दोनदा दाखवलं होतं आणि यजमान कोचला अकरा वेळा. ठरवून काहीच केलं नव्हतं, हात आपोआप तिकडं जात होता. तेव्हापासून मी सामन्याआधी कॅमेरामनना पाहुण्या संघाचे पाच चेहरे पाठ करायला सांगतो.

कॅमेरे किती आणि कुठं, यावरही बरंच अवलंबून असतं. एखाद्या स्टेडियमवर एका गोलमागं जागाच नसते, किंवा तिथंवर केबल ओढता येत नाही. मग त्या टोकाला एक कॅमेरा कमी. तुमचा संघ ज्या हाफमध्ये त्या गोलवर चाल करतो, त्या हाफमधले वाद लांबूनच दिसतात. तुमच्या सामन्यात तसं होतं का, हे मी इथून सांगू शकत नाही. पण पुढच्या वेळी बघा: गोलमागून दिसणारं चित्र दोन्ही टोकांना मिळतंय का?

आणि कॅमेरे भरपूर असले म्हणजे वाद मिटतो असंही नाही. १ डिसेंबर २०२२ चा जपान-स्पेन सामना आठवा. मितोमानं गोलरेषेवरून चेंडू आत ढकलला, तानाकानं गोल केला, जपान २-१ नं जिंकला आणि तिकडं जर्मनी विश्वचषकाबाहेर गेली. बाजूच्या कॅमेऱ्यातून चेंडू सरळसरळ बाहेर दिसत होता. वरून पाहिलं तर चेंडूचा फुगीर भाग रेषेवर होता, जेमतेम दोन मिलिमीटर. नियम असा की अख्खा चेंडू अख्खी रेषा ओलांडून गेला पाहिजे. थेट प्रक्षेपणात ते निर्णायक चित्र लोकांना वेळेवर मिळालं नाही, फिफानं ते दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. तोपर्यंत अर्ध्या जगाचं मत बनून गेलं होतं. कुणी काही लपवलं नव्हतं. कॅमेरा तिरका असला की चेंडू आणि रेषा यांच्यामधलं गवत खोटं सांगतं.

उलट बाजूचंही उदाहरण आपल्याच संघाचं आहे. ११ जून २०२४, दोहा, विश्वचषक पात्रता फेरी. छांगतेच्या गोलनं भारत पुढं होता. मग चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना कतारनं तो ओढून आत घेतला, गोल दिला गेला, आणि आपण १-२ हरलो. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे रिप्ले बघून निर्णय तपासणारा व्हिडिओ रेफरी, नव्हता. भारतीय महासंघानं त्यावर तक्रार केली. पण चेंडू बाहेर गेला होता हे तुम्हाआम्हाला कळलं कशावरून? त्याच सामन्याच्या प्रक्षेपणावरून, आणि सामना तर त्यांच्या घरी होता. डिरेक्टर यजमानांचा असला तरी उत्तम चित्र हातात आलं की ते लावायचा मोह त्याला आवरत नाही. वादग्रस्त क्षणाचा स्वच्छ अँगल म्हणजे आमच्या धंद्यातलं सोनं. ते कुणी मुद्दाम मातीत पुरत नाही.

आता थोडं आपल्या डोळ्यांबद्दल. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये एक धसमुसळा सामना झाला. तो त्यांच्याकडचा अमेरिकन फुटबॉल, पण मुद्दा तोच. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवून फाउल मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे सरासरी ९.८ फाउल दिसले, डार्टमथच्या मुलांना आपल्याच संघाचे ४.३. फिल्म एकच होती, मोजणी निम्म्याहून कमी झाली. आपल्याकडं ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत काय झालं? जादा वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीनं भिंत लागायच्या आधीच फ्री-किक मारली, गोल झाला, आणि केरळा ब्लास्टर्सचा संघ कोचसकट मैदान सोडून गेला. ती दृश्यं सगळ्या देशानं बघितली. बंगळुरूच्या लोकांना त्यात चलाख कॅप्टन दिसला, केरळच्या लोकांना दरोडा. मी दोन्हीकडच्या मित्रांशी बोललोय, दोघंही मनापासून खरं बोलत होते.

कोल्हापुरात तर हे रोजचंच आहे. तालमींचे सामने यूट्यूबवर लाइव्ह जातात, काही वेळा एकदोन कॅमेऱ्यांवर. दोन्ही तालमींची पोरं त्या कॅमेरावाल्याला ‘तू त्यांचा’ म्हणून ओरडतात. एका कॅमेऱ्याचा माणूस दोघांच्याही विरोधात कसा असेल?

आवाजाच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूला जास्त झुकतो.

बऱ्याच सामन्यांत कॉमेंटेटर स्टेडियममध्ये नसतात, स्टुडिओत स्क्रीन बघून बोलतात. त्यांना तेवढंच दिसतं जेवढं तुम्हाला दिसतं. वॉर्म-अप, बेंचवरची कुजबुज, चौथ्या रेफरीशी झालेलं बोलणं त्यांना दिसत नाही. मग बोलायचं कशाच्या जोरावर? आधी काढलेल्या टिपणांच्या. आणि टिपणं कुणाची भरगच्च असतात? ज्या क्लबचा इतिहास लिहिलेला आहे त्यांची. कोलकात्याचा मोहन बागान म्हटलं की १९११ ला जिंकलेली आयएफए शील्ड ही स्पर्धा आहे. त्याच शहरातला ईस्ट बंगाल म्हटलं की १९२० पासूनची गोष्ट आहे. या दोघांमधला १९९७ चा तो फेडरेशन कप उपांत्य सामना आहे, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३१ हजार प्रेक्षकांचा. मुंबई सिटीची स्थापनाच २०१४ ची. दोन मिनिटं शांतता पडली की कॉमेंटेटर भरलेल्या पोत्यातच हात घालणार. त्यामागं द्वेष नसतो, पण परिणाम द्वेषासारखाच ऐकू येतो, आणि तो टाळता येतो. मुंबई सिटीनं मे २०२४ मध्ये त्याच सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ नं हरवून इंडियन सुपर लीगचा कप उचलला, हेही टिपणात असायला हवं. नव्या क्लबबद्दल बोलायला काहीच नाही, हे खरं नाही. कुणी बसून लिहिलेलं नाही, इतकंच.

यात स्टेडियमचा आवाजही मिसळतो. मुंबई सिटीच्या अंधेरीच्या मैदानात सातेक हजार माणसं मावतात. सॉल्ट लेकवर २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ६६ हजारांहून जास्त लोक होते. साउंड इंजिनियरनं दोन्हीकडं माइक सारखेच लावले तरी तिथं एखादा साधा टॅकलही गुन्ह्यासारखा ऐकू येतो. हा निव्वळ भास नाही. इंग्लंडमध्ये संशोधकांनी अनुभवी रेफरींना टॅकलची तीच दृश्यं दाखवली, काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाजाशिवाय. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. अनुभवी रेफरीचं असं होतं, तर सोफ्यावर बसलेल्या माणसाचं आणि कॉमेंटेटरचं का नाही होणार?

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी.

कुठला सामना शनिवारी संध्याकाळी, कुठला बुधवारी. कुठल्या सामन्याला रिव्हर्स कॅमेरा आणि सुपर स्लो-मोशन, कुठल्याला सहा कॅमेऱ्यांत भागवा. सामन्याआधी अर्ध्या तासाचा स्टुडिओ कुणाला, थेट किक-ऑफ कुणाला. हे सगळं आठवडा-दोन आठवडे आधी एका शीटवर ठरतं. आम्ही व्हॅनमध्ये पोचतो तेव्हा ते ठरून गेलेलं असतं. ते ठरवणारा माणूस अपेक्षित प्रेक्षकसंख्या आणि जाहिरात बघतो. बंगाली आणि मल्याळम कॉमेंट्री स्वतंत्र मिळत आलीय, कारण तिथं बघणारे आहेत. मोठ्या क्लबला जास्त कॅमेरे, म्हणून तो जास्त चांगला दिसतो, म्हणून जास्त लोक बघतात, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा जास्त कॅमेरे. हे चक्र मी आतून बघितलंय. यात कुणी खलनायक नसतो, पण लहान क्लब दरवर्षी थोडा आणखी अंधारात जातो. आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगवाल्यांना विचारा. २०१८-१९ च्या हंगामात त्यांचे सगळे सामने टीव्हीवर दिसलेसुद्धा नाहीत. ज्या पोराचा सामनाच दिसला नाही, त्याच्या पेनल्टीच्या रिप्लेचा वाद होणार कुठून?

याच्याही वर क्रिकेट बसलंय. क्रिकेटमध्ये प्रत्येक ओव्हरनंतर जाहिरात लावता येते. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं सलग एकही नाही. वाहिनीच्या हिशोबात हा खेळ मुळातच कमी कमावणारा आहे, त्यामुळं खर्च कापायचा म्हटलं की पहिली कात्री कॅमेऱ्यांवर चालते. तुमचा विंगर लांबून दिसला, त्याचं कारण बहुधा या कात्रीत असेल.

‘देशाची वाहिनी’ या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. देशाची म्हणजे खेळ दाखवणारी सरकारी वाहिनी एकच, दूरदर्शन. बाकीच्या खासगी कंपन्या आहेत, नावात काहीही असो. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला) द्यावा लागतो, पण कुठले सामने राष्ट्रीय महत्त्वाचे हे सरकार अधिसूचनेनं ठरवतं. लीगचा रोजचा सामना त्यात येत नाही. तेव्हा ‘सार्वजनिक पैशावर पक्षपात’ हा युक्तिवाद इथं चालणार नाही. तुम्ही ग्राहक म्हणून बोला, त्यात जास्त जोर आहे.

तर तक्रार कशी करायची? आधी तीन सामने आवाज बंद करून बघा आणि वही घेऊन बसा. प्रत्येक अपीलचं मिनिट लिहा, शिट्टी वाजली का ते लिहा, पुढं किती रिप्ले आले ते लिहा. दोन्ही संघांचं लिहायचं, हे महत्त्वाचं. शिट्टी न वाजलेली अपिलं फक्त तशाच अपिलांशी ताडून बघा. मग आवाज लावून एक हाफ पुन्हा बघा आणि कॉमेंटेटर कुणाची किती नावं घेतो ते मोजा. माझा अंदाज आहे की रिप्लेत फार फरक सापडणार नाही, चेहऱ्यांत थोडा सापडेल, आणि बोलण्यात स्पष्ट सापडेल. माझा अंदाज चुकला तर वहीचे फोटो इथंच टाका, मी मिनिटामिनिटानं बघेन.

ती वही हातात आली की वाहिनीला आणि लीगला लेखी पाठवा. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीनं तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ती यंत्रणा कार्यक्रम संहितेच्या, म्हणजे काय दाखवू नये याच्या नियमांच्या, उल्लंघनासाठी आहे, रिप्लेची निवड तिच्यात बसवणं अवघड आहे. पण पत्र नोंदवलं जातं. ‘तुम्ही विकले गेलात’ असे शेकडो संदेश आमच्याकडं येतात, ते कुणी वाचत नाही. ‘अमुक तीन सामन्यांत पाहुण्या संघाच्या बेंचवर एकही कॅमेरा नव्हता’ असं एक पत्र आलं होतं. ते छापून प्रॉडक्शन मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलं गेलं, आणि पुढच्या सामन्यात तिथं कॅमेरा लागला. मी त्या टेबलावर होतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या क्लबच्या समर्थक गटाला सांगा. जो अँगल टीव्हीवर लागला नाही, तो लगेच नाहीसा होत नाही. तो सर्व्हरवर असतो, काही सामन्यांत प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंगही ठेवतात. पण लहान प्रॉडक्शनमध्ये पुढच्या सामन्यासाठी सर्व्हर पुसला जातो, कधी कधी दुसऱ्याच दिवशी. रेफरीच्या निर्णयावर क्लबला दाद मागायची असेल, तर टीम मॅनेजरनं त्याच रात्री लीगच्या माणसामार्फत ते मिनिट आणि तो कॅमेरा लेखी मागितला पाहिजे. ७१ व्या मिनिटाचा माझा तो अँगल त्या रात्री सर्व्हरवर होता. कुणी मागायला आलं नाही. सकाळी आठला आम्ही पुढच्या शहराला निघालो, आणि निघण्याआधी सर्व्हर रिकामा केला.